दुपारचे तीन
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आयोजकांनी मला 'परदेशातली आरोग्यसेवा' असा भारदस्त विषय दिलाय. माझ्या हातून सेवा कमी आणि घोटाळा जास्त झाला, तोच सांगते. मी डॉक्टर नाही. आमच्या ओळखीचे नेत्रतज्ज्ञ दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये नैरोबीला शिबिरासाठी निघाले. लॅपटॉपवर नावनोंदणी करायला त्यांना कुणीतरी हवं होतं, म्हणून मी गेले.

आफ्रिका म्हटल्यावर बॅगेत सगळे सुती कपडे भरले आणि विमानतळाबाहेर कुडकुडत उभी राहिले. भूगोलाचे सर समोर बसलेत, सर, माफ करा! नैरोबी विषुववृत्ताजवळ आहे एवढं लक्षात होतं. ते सुमारे १,७०० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर आहे, आणि जुलै हा तिथला थंडीचा महिना, हे मात्र पार विसरले होते.

शहराने पहिल्याच दिवशी माझा तोरा उतरवला. रंगीबेरंगी चित्रांच्या मटाटू, म्हणजे तिथल्या वडाप गाड्या, ढणाढणा गाणी लावून धावत होत्या. कोपऱ्यावरची भाजीवाली साध्या बटणांच्या फोनवर पैसे घेत होती. ती एम-पेसा सेवा तिथे २००७ पासून आहे. आपलं यूपीआय २०१६ चं. आणि मी त्यांना संगणक शिकवायला निघाले होते!

स्वाहिली ऐकताना मात्र घरच्यासारखं वाटायचं. दुकानाला 'दुका', साबणाला 'साबुनी', औषधाला 'दावा'. दोन दिवसांत मला वाटलं, आली की भाषा!

तिथेच चुकलं. जवळचं वाचायचे चष्मे दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मिळणार होते. दुभाषी बाई चहाला गेल्या होत्या. मी ऐटीत सगळ्यांना सांगितलं, "सा तातू." सा म्हणजे तास, तातू म्हणजे तीन. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच अंगणात रांग! स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, नऊ म्हणजे तिसरा. दुपारच्या तीनला म्हणायचं 'सा तिसा', नऊ. तिथे सूर्य बारा महिने जवळपास एकाच वेळी उगवतो, त्यामुळे हा हिशेब अगदी चोख बसतो. आपले प्रहरही सूर्योदयापासूनच मोजतात की! पण मला ते तेव्हा कुठलं सुचायला?

चष्मे अजून यायचे होते. रांगेतली बरीचशी माणसं रोजंदारीवरची. खाडा करून आलेली. कुणी आवाज चढवला नाही, याचंच मला जास्त लागलं. बहुतेक जण थांबले. तिघीजणी निघून गेल्या.

रात्री मी कार्डावर दोन्ही पद्धतींची वेळ छापायची सोय केली. ते दहा मिनिटांचं काम होतं. त्या तिघींना शोधणं अवघड होतं, कारण नोंदणीत मी फोन नंबरचा रकाना ऐच्छिक ठेवला होता. तिथल्या परिचारिकेने वस्तीत विचारत विचारत दोघींना गाठलं.

तिसऱ्या शिवणकाम करणाऱ्या. अधिक अडीचचा नंबर. त्यांचा चष्मा परिचारिकेच्या टेबलाच्या खणात ठेवून आम्ही निघालो. इथे आल्यावर मी दोनदा फोन केला. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, अजून आल्या नाहीत, पण खण मी आवरलेला नाही.