रेकॉर्ड भंगारात देण्याआधी

दिवाळीची साफसफाई निघाली, की माळ्यावरच्या काळ्या तबकड्या भंगारवाल्याच्या तराजूत जातात. जळगाव-धुळ्याकडच्या घरांतही हे होतं. आज त्याच तबकड्यांविषयी, म्हणजे ग्रामोफोनच्या रेकॉर्डविषयी बोलू या.

मला रेकॉर्ड ऐकायचा नाद आहे. त्या नादापायी मी मुंबईला हायफाय यंत्रांचं प्रदर्शन बघून आले. एकेका खोलीत एकेक यंत्र, समोर खुर्च्या मांडलेल्या, पडदे ओढलेले. बायका मोजक्याच. एकानं विचारलं, “ताई, साहेब कुठे आहेत?” म्हटलं, “ते शेतात आहेत. रेकॉर्डचा नाद माझा आहे.” मग त्यांनी खुर्ची दिली.

किमती ऐकून छाती दडपते. पण यंत्र लावणारा माणूस आधी काय करत होता? गवंड्यासारखी लेव्हल ठेवून फिरणारी थाळी सपाट आहे का, ते बघत होता. मग पिन साफ केली, मग रेकॉर्ड पुसली. रेकॉर्डवर बारीक नागमोडी खाच असते. पिन त्या खाचेतून जाताना थरथरते आणि त्या थरथरीचाच आवाज होतो. खाचेत धूळ असली, की खरखर ऐकू येते. म्हणजे निम्मं काम स्वच्छतेचं, आणि ते घरीही जमतं.

जुन्या रेकॉर्ड दोन तऱ्हेच्या. एक जड आणि ठिसूळ, मिनिटाला 78 फेरे घेणारी. तिच्यात लाख असते, आपल्या बांगड्यांची असते तीच. पडली की फुटते. दुसरी प्लास्टिकची, 33 किंवा 45 फेऱ्यांची. दोघींची पिन वेगळी, अदलाबदल करू नका. लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. मऊ सुती कापडानं, खाच जाते तशी गोल पुसा. रेकॉर्ड एकीवर एक रचू नका, उभ्या ठेवा. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर प्लास्टिकची रेकॉर्ड वाकते.

आणि विकण्याआधी मधल्या कागदावरचं नाव वाचा. पुष्कळदा ते बाईचं असतं. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान यांनी रेकॉर्डसाठी गाणी गायली. गाणं संपलं, की त्या स्वतःचं नाव मोठ्यानं सांगत. रेकॉर्ड तयार व्हायची जर्मनीत, तिथल्या कारागिरांना गाणारी कोण ते कळावं म्हणून. 1977 साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची रेकॉर्ड आहे, वाजवायला पिनही सोबत दिलीय. तिच्यात गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर गातात.

आता आपल्या घरचं बघा. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी लिहून घेतली. 1951 साली त्या गेल्या, 1952 साली पुस्तक आलं आणि 1961 च्या ‘मानिनी’ चित्रपटातून ती गाणी घरोघरी पोचली. कुणी लिहूनच घेतली नसती तर? जात्यापाशीच विरली असती.

तुमच्या गल्लीतही आखाजीची, कानबाईची, लग्नातली अहिराणी गाणी येणारी एखादी आजी असेल. तिच्या गाण्यांची रेकॉर्ड कुठल्याच कंपनीनं काढलेली नाही. पण तुमच्या हातात मोबाइल आहे. आधी तिला विचारा, तिची मर्जी असेल तरच. पंखा बंद करा, दार लावा, मोबाइल तिच्याजवळ ठेवा. सुरुवातीला तिला स्वतःचं नाव, माहेर आणि सासर सांगू द्या. मग गाऊ द्या, मध्ये बोलू नका. झालं, की ते गाणं दुसऱ्या एका मोबाइलवरही ठेवा, कारण एक मोबाइल बिघडला तर आवाजही जातो.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की एवढंच ठरवा: पहिल्यांदा कोणत्या आजीकडे जायचं.