फ्लॉरेन्सचा संगम

परदेशांतील शहर पाहावयास निघालेला मनुष्य बहुधा प्रेक्षणीय स्थळांची एक यादी बरोबर नेतो. सेवानिवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहावरून मी इटलींतील फ्लॉरेन्स नगरीस गेलों, तेव्हां माझ्याही खिशांत अशी यादी होती.

ती यादी वाईट होती असें मी म्हणणार नाहीं. तेथील मुख्य देवालयावरचा विटांचा प्रचंड घुमट ब्रुनेलेस्कीनें १४२० ते १४३६ या काळांत उभारला. आणि तोही जमिनीपासून लांकडी आधार न देतां. या वयांत ४६३ पायऱ्या चढून वर जाण्याचें धाडस मला झालें नाहीं; खालूनच पाहतां पाहतां मान अवघडून गेली. मायकेल अँजेलोचा डेव्हिड पाहूं इच्छिणारानें मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जुन्या राजवाड्यासमोरील चौकांत दिसते ती प्रतिकृति होय. १५०४ सालीं तेथें उभा केलेला मूळ पुतळा १८७३ मध्यें हलविण्यांत आला, व आतां तो आकादेमिया संग्रहालयांत आहे.

यादी संपली आणि एक दुपार शिल्लक राहिली. आर्नो नदीच्या कांठानें पश्चिमेस कास्चिने नांवाचें विस्तीर्ण उद्यान पसरलें आहे. त्याच्या अगदीं टोंकास, जेथें मुन्योने ही लहान नदी आर्नोस मिळते, तेथें एका छत्रीखालीं पागोटें घातलेल्या तरुणाचा रंगीत अर्धपुतळा मला दिसला. जवळ जाऊन पाहतों तों हे आमचे कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज!

इंग्लंडचा प्रवास आटोपून परततांना, ३० नोव्हेंबर १८७० रोजीं, महाराज या नगरींत वारले. वय अवघें वीस वर्षांचें. त्या वेळीं फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती. तेथें दहनाची चाल नव्हती. तथापि नगराधिकाऱ्यांनीं अनुज्ञा दिली, आणि हिंदु विधीप्रमाणें या संगमावर दहन झालें. १८७४ सालीं हें स्मारक उभें राहिलें. त्याचा आराखडा मँट यांचा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे स्थापत्यविशारद तेच. पुतळा फुलर यांनीं घडविला. जवळच्या पुलास तेथील लोक अजूनही ‘इंडियानो’, म्हणजे हिंदी मनुष्याचा, या नांवानें ओळखतात.

श्रोतेहो, मीं पस्तीस वर्षें शाळेंत इतिहास शिकविला. थोरल्या राजाराम महाराजांची जिंजी मुलांकडून पाठ करून घेतली. या राजारामांचें नांव मात्र वर्गांत एकदांही घेतलें नाहीं. ज्यांची आठवण परक्या लोकांनीं पुलाच्या नांवांत जतन केली, त्यांची ओळख मीं आपल्या मुलांस करून दिली नाहीं, याची मला त्या संगमावर लाज वाटली.

आपल्यापैकीं कोणी त्या नगरीस गेलें, तर घुमट आणि डेव्हिड अवश्य पाहावे. परंतु परतण्यापूर्वीं एक दुपार या संगमासाठीं राखून ठेवावी, आणि जातांना मुलांना बरोबर न्यावें.