दुखणं माहीत असलेला शिक्षक

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संपादित करून)



संयोजकांनी मला ‘चाळिशीनंतरचं आरोग्य’ हा विषय दिला. मी म्हटलं, आपल्या तुकडीत डॉक्टर मंडळी आहेत, त्यांना उभं करा. तर म्हणाले, “डॉक्टर औषधं सांगतील. तू योगवर्गाला जातेस ना, त्यावर बोल.” मी योगशिक्षिका नाही. तेवीस वर्षं संगणकासमोर बसून सॉफ्टवेअर लिहिणारी बाई आहे. त्यामुळे कोणत्या दुखण्यावर कोणतं आसन, हे माझ्याकडून ऐकू नका. मी बोलणार आहे योग शिकवणाऱ्या माणसांबद्दल. त्यांतल्या पुष्कळांना ‘तुम्ही याकडे कसे वळलात?’ असं विचारलं की उत्तर एका आजारापासून सुरू होतं. त्या गोष्टी ऐकायला छान वाटतात. पण ऐकल्यावर त्यांतून घ्यायचं काय, हा माझा आजचा प्रश्न आहे.

सगळ्यांत माहितीची गोष्ट आपल्या जवळच्या पुण्यातली आहे. बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म १४ डिसेंबर १९१८ चा, कर्नाटकातल्या बेल्लूरचा. ती इन्फ्लुएंझाच्या साथीची वर्षं. आई त्याच तापाने आजारी होती आणि मूल जन्मलं ते अगदी अशक्त. पुढे मलेरिया, विषमज्वर, क्षय असं एकामागून एक चालूच राहिलं. वडील लहानपणीच गेले. १९३४ साली बहिणीचे यजमान टी. कृष्णमाचार्य यांनी या मुलाला म्हैसूरला नेलं. कृष्णमाचार्य तिथल्या राजवाड्याच्या योगशाळेत शिकवत होते. पण अशा काटकुळ्या मुलाकडे त्यांनी सुरुवातीला फारसं लक्ष दिलं नाही. त्याच्याकडून काही होईल असं कुणालाच वाटत नव्हतं.

हाच मुलगा १९३७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, पुण्याला आला. डेक्कन जिमखान्यावर सहा महिने योग शिकवायचं काम मिळालं होतं. मराठी येत नव्हतं. शाळा अर्धवट सुटलेली. समोरचे विद्यार्थी त्याच्यापेक्षा धडधाकट. आणि गुरूंकडे प्रत्यक्ष शिकायला मिळालेला काळही थोडाच. विचारायला कुणी नाही म्हटल्यावर त्याने स्वतःच्या शरीरालाच विचारायला सुरुवात केली. एखादं आसन चुकीचं केलं की कुठे दुखतं, पाऊल थोडं वळवलं की तेच दुखणं कुठे जातं, हे तो दिवसचे दिवस करून बघत राहिला. आमच्या भाषेत सांगायचं तर कागदपत्रं नसलेली एक जुनी प्रणाली हातात पडली होती, आणि ती चालवून बघत बघतच समजून घ्यायची होती.

मला या गोष्टीत ‘आजारी मुलगा पुढे जगप्रसिद्ध झाला’ हा भाग महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचं हे, की त्याच्या शिकवण्यावर त्या आजारपणाचा ठसा राहिला. लवचीक शरीर घेऊन जन्मलेल्या माणसाला त्रिकोणासनात हात जमिनीला टेकत नाही म्हणजे काय होतं, हे कळायला वेळ लागतो. ज्याचा स्वतःचा हात टेकला नव्हता, तो हाताखाली वीट ठेवतो. अय्यंगारांच्या पद्धतीत लाकडी विटा, पट्टे, लोड, घडीच्या खुर्च्या, भिंतीतल्या दोऱ्या आल्या त्या अशा. शरीर आसनापर्यंत पोचत नसेल तर आसन शरीरापर्यंत आणायचं. १९६६ साली इंग्रजीत आलेल्या त्यांच्या ‘लाइट ऑन योग’ या पुस्तकात प्रत्येक आसनाला अवघडपणाचा एक आकडा दिलेला आहे, एक ते साठ. कुणाला काय सोपं आणि काय कठीण, याचा विचार करणाऱ्या माणसाचं ते काम आहे. साठीच्या सुमारास स्कूटरच्या अपघाताने त्यांना पुन्हा खाली आणलं, आणि जमत असलेली आसनं नव्याने शिकावी लागली. तरीही ते नव्वदीपर्यंत सराव करत होते. २० ऑगस्ट २०१४ ला पुण्यातच, पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले.

त्यांची थोरली मुलगी गीता अय्यंगार. १९४४ चा जन्म. लहानपणी त्यांना मूत्रपिंडाचा गंभीर आजार झाला. वडिलांनी योग करायला लावला आणि त्या सावरल्या. पुढे त्यांनी आयुर्वेदाचा अभ्यास केला, पुण्याच्या रमामणी अय्यंगार स्मृती योगसंस्थेत अनेक वर्षं शिकवलं आणि खास स्त्रियांसाठी पुस्तक लिहिलं. पाळीच्या दिवसांत काय करावं, काय टाळावं, गरोदरपणात कशाचा आधार घ्यावा, हे त्यांनी सविस्तर मांडलं. बाईच्या शरीराचे महिन्याचे आणि वयाचे चढउतार धरून सराव कसा बदलायचा, हा त्यांचा विषय झाला. वडिलांच्या जन्मशताब्दीनंतर दोनच दिवसांनी, १६ डिसेंबर २०१८ ला त्या गेल्या.

आता इथे मला जरा थांबायचं आहे. गीताताईंच्या आजाराची हकीकत सांगताना, वडिलांनी औषधं बंद करून योग सुरू करायला लावला, असंही सांगितलं जातं. सभागृहात अशी गोष्ट सांगितली की टाळ्या पडतात. आणि ती ऐकून घरी गेलेला एखादा माणूस गोळ्यांची पट्टी कचऱ्यात टाकतो.

आमच्या कार्यालयात एक वाक्य चेष्टेत फार चालतं: “माझ्या मशीनवर तर चालतंय.” ग्राहकाकडे सॉफ्टवेअर बंद पडलेलं असतं आणि लिहिणारा म्हणतो, माझ्याकडे चालतंय. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या मशीनवर ते खरंच चालत असतं. पण त्याने ग्राहकाचा प्रश्न सुटत नाही. बरं झालेल्या योगशिक्षकाची गोष्ट अशीच खरी असते आणि अशीच एका मशीनची असते.

हा फरक आपल्याच मातीतल्या एका माणसाने शंभर वर्षांपूर्वी ओळखला होता. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे. गुरूंकडून योग शिकल्यावर त्यांनी अनुभवावर भागवलं नाही. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमकं काय होतं, हे त्यांनी क्ष-किरणांनी पाहिलं, आतला दाब मोजला. मला बरं वाटलं, हे सांगून थांबता आलं असतं. त्यांनी मोजून बघितलं. श्रद्धा होती म्हणूनच मोजायची भीती वाटली नसावी, असं मला वाटतं.

हे सगळं मी एवढ्या पोटतिडकीने का सांगते आहे, तर मलाही ते जवळून लागलं आहे. चाळिशी गाठायच्या आधीच मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस निघाला. आपल्याकडे त्याला आमवात म्हणतात. यात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटं मिटत नसत. चहाच्या पातेल्याला चिमटा लावता येत नव्हता, आणि माझं पोट तर कीबोर्डवर. निदान झाल्यावर आठवड्याच्या आत, डॉक्टरांच्या आधी, मला तीन जणांनी तीन योगशिक्षकांच्या गोष्टी सांगितल्या. तिघेही म्हणे याच आजारातून गोळ्यांशिवाय पूर्ण बरे झालेले.

त्याच सुमारास माझ्या नात्यातल्या एका मावशींची बोटं मी पाहत होते. त्यांना हाच आजार. अशीच एक गोष्ट ऐकून त्यांनी गोळ्या सोडल्या होत्या. दोन वर्षं त्या नेमाने आसनं करत होत्या, आणि तेवढ्या काळात आजार आतून सांधे खात होता. आज त्यांची बोटं एका बाजूला वळली आहेत, ती आता कुठल्याच आसनाने सरळ व्हायची नाहीत. त्या आळशी नव्हत्या, भोळ्याही नव्हत्या. त्यांनी फक्त दुसऱ्याच्या शरीराचा अहवाल स्वतःचा म्हणून वाचला.

मी गोळ्या चालू ठेवल्या. आठवड्यातून एक दिवस मेथोट्रेक्सेट, दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड, ठरावीक महिन्यांनी रक्ताची तपासणी. आणि संधिवाताच्या डॉक्टरांना विचारूनच योगवर्गाला जायला लागले.

तिथल्या आमच्या बाई आधी बँकेत होत्या. पस्तिशीत मणक्याची चकती सरकली, कित्येक महिने त्यांना सलग बसता येत नव्हतं. तेव्हा त्या योगाकडे आल्या आणि पुढे शिक्षिका झाल्या. पहिल्या दिवशी मी आजाराचं नाव सांगितलं तर त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितलीच नाही. विचारलं, “सकाळी बोटं किती वेळ आखडतात? आज मनगटाला सूज आहे का? गोळी कधी घेतेस?” हे उतरवून घेतलं. मग म्हणाल्या, “तळहातावर भार घ्यायचा नाही. अधोमुख श्वानासन दोरीवर कर.” भिंतीतली दोरी मांडीच्या मुळाशी घेऊन वाकायचं, हात खुर्चीच्या बैठकीवर फक्त टेकवायचे. पाठ लांब होते, मनगटं मोकळी राहतात. सांधे सुजलेल्या दिवशी उभ्याची आसनं बंद. लोडावर पाठ टाकून पडायचं, पाय खुर्चीवर, श्वासाकडे लक्ष. कंटाळून मी एकदा म्हटलं, “आज पण नुसतं झोपायचं?” त्या म्हणाल्या, “मी चार महिने नुसती झोपत होते, तू एक तास झोप.”

त्यांची कंबर आजही दुखते. कुठल्या दिवशी दुखेल हे त्यांना आदल्या संध्याकाळी कळतं, एवढंच. माझाही आजार गेलेला नाही. सकाळचा ताठरपणा दीड तासावरून पंधरा-वीस मिनिटांवर आला आहे. त्यात गोळीचा वाटा किती आणि दोरीचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही. सूज आतून धरून ठेवते ती गोळी, हे डॉक्टर सांगतात आणि रक्ताचे अहवालही तेच सांगतात. पण दुखणाऱ्या शरीराशी रोज सकाळी भांडण न करता उठणं, झोप लागणं, ‘आता माझं कसं होणार’ ही धास्ती कमी होणं, हे मला त्या वर्गात मिळालं. ते लहान नाही.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, आपल्यातल्या बऱ्याच जणांचे गुडघे, पाठी, साखर आणि रक्तदाब आता बोलू लागले आहेत. योग शिकायला जरूर जा. जमल्यास दुखण्यातून गेलेला शिक्षक शोधा. पण त्याची बरं होण्याची गोष्ट ऐकून भारावून नाव घालू नका. तो तुम्हाला प्रश्न किती विचारतो, ते बघा. तुमचं जमत नाही तेव्हा तो काय बदलतो, ते बघा. आणि ‘गोळ्या सोडा’ म्हणाला, तर चपला घाला आणि बाहेर पडा. पतंजलींनी योगातले नऊ अडथळे सांगितले आहेत, त्यांतलं पहिलं नाव ‘व्याधी’. आजाराला त्यांनी एवढं गांभीर्याने घेतलं आहे, आपणही घेऊ या.

शेवटी एक मागणी. आपण सातारा जिल्ह्यातली मुलं. सूर्यनमस्कारांचा घरोघर प्रचार करणारे भवानराव पंतप्रतिनिधी आपल्याच औंधचे. रथसप्तमीला या मैदानावर, अजिंक्यताऱ्याकडे बघत आपण सगळ्यांनी नमस्कार घातले आहेत. तेव्हा ज्यांना दमा होता, पायात दोष होता, त्यांना पायऱ्यांवर बसून बघायला सांगत. त्या काळाच्या रीतीप्रमाणे ते काळजीनेच होतं. पण म्हैसूरच्या योगशाळेतला तो काटकुळा मुलगा आपल्या शाळेत असता, तर तोही त्या पायऱ्यांवरच बसला असता. आपल्या तुकडीतर्फे शाळेला जे साहित्य द्यायचं ठरलं आहे, त्यात वीस घडीच्या खुर्च्या, तेवढ्याच लाकडी विटा आणि पट्टे घ्यावेत, असं मी सुचवते. क्रीडाशिक्षकांच्या एका प्रशिक्षणवर्गाचा खर्च मी उचलते. पायऱ्यांवरच्या मुलांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी आणि खुर्ची या दोन्हींची सोय झाली, तर पुढच्या रथसप्तमीला मैदानावर सगळेच असतील.