रायबागनचा सल्ला



पावसाळा लागला की लोणावळ्याला नागफणी बघायला किती गर्दी होते, ते आपण दर वर्षी बघतो. कुरवंडे गावाच्या पुढे कड्यावर उभं राहायचं, खालचं कोकण बघायचं, भाजलेलं कणीस खायचं आणि परत फिरायचं. पण तिथूनच एक जुनी घाटवाट खाली उतरते. साडेतीनशे वर्षांपूर्वी एक मोठी फौज त्या वाटेने उतरली आणि खाली अडकली. त्या फौजेत एक बाई होती. आज तिची गोष्ट.

१६६० साली औरंगजेबाचा मामा शाहिस्तेखान पुण्यात तळ देऊन बसला. चाकणचा किल्ला फिरंगोजी नरसाळ्यांनी जवळजवळ दोन महिने लढवला, पण अखेर तो खानाकडे गेला. मग कोकण जिंकायला त्याने कारतलबखान नावाच्या सरदाराला पाठवलं. कारतलबखानाने बोरघाट सोडला आणि कुरवंड्याच्या घाटाने उतरायचं ठरवलं. शिवाजी महाराजांना पत्ता लागायच्या आत आपण खाली पोचू, असा त्याचा हिशोब. पण महाराजांचे हेर जागे होते.

घाट उतरलं की अंबा नदीचं खोरं लागतं. चावणी गावाजवळ ते अगदी चिंचोळं होतं, दोन्ही अंगाला डोंगर आणि दाट रान. हीच उंबरखिंड. हत्ती, घोडे, तोफा, सामानाचे बैल, सगळं त्या वाटेत एकामागे एक अडकलं. महाराजांची माणसं झाडीत दबा धरून होती. पुढची वाट महाराजांनी अडवली, मागची नेताजी पालकरांनी. तारीख होती २ फेब्रुवारी १६६१. बाणांचा आणि गोळ्यांचा मारा सुरू झाला. खानाच्या माणसांना ना पुढे जाता येईना ना मागे. घसे कोरडे पडले.

त्या फौजेत होती माहूरच्या देशमुख घराण्यातली रायबागन. रायबागन म्हणजे राजवाघीण, ही तिची पदवी. ती मुघलांच्या बाजूने होती, आपल्या बाजूने नव्हती. पण बाई लढवय्यी होती, मराठी मुलखाची होती. खानाने तिला विचारलं, आता काय करायचं? तिने स्पष्ट सांगितलं की या रानात फौज आणली हीच चूक झाली. आता हट्ट करू नका, शरण जा, माणसं वाचवा. महाराजांच्या काळातल्या कवींद्र परमानंदांनी ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

खानाने ऐकलं. वकील पाठवला. महाराजांनी अभय दिलं, खंडणी आणि सगळं सामान ठेवून घेतलं, माणसांना जाऊ दिलं. हजारो घरांतले बाप आणि मुलगे जिवंत परतले.

मैत्रिणींनो, मला या गोष्टीत एक खटकतं. रायबागनला विचारलं कधी? खिंडीत अडकल्यावर. घाट उतरायच्या आधी विचारलं असतं तर?

आपल्याकडे अजून तेच चालतं. मावळात जमिनीचे व्यवहार जोरात आहेत. बोलणी पुरुषमंडळींत होतात, भाव ठरतो, इसार घेतला जातो, आणि मग बहिणीला निरोप येतो, ‘ताई, उद्या वडगावला सहीला ये.’ हक्कसोडपत्रावर काय लिहिलंय हे तिला तिथे कळतं, तेही कुणी वाचून दाखवलं तर. २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. हक्क सोडायचा की ठेवायचा ते तिने ठरवावं, पण कागद आधी घरी आणून, वाचून, विचार करून. गटाच्या कर्जाच्या ठरावालाही हेच लागू. ‘हे हप्ते आपल्याला झेपणार नाहीत’ असं एखादी म्हणाली, तर तिला गप्प बसवू नका. तिचा हिशोब आधी ऐका.

रायबागनने वरच्या माणसाला न आवडणारी गोष्ट तोंडावर सांगितली. तेवढं धाडस आपणही करू शकतो, फक्त घाट उतरायच्या आधी.

कधी जमलं तर गटाची सहल उंबरखिंडीला काढा. अंबा नदीकाठी स्मारक आहे. जाताना लेकींनाही घेऊन जा.