बाळ जन्मलं बावधनला, आई-बाबा कॅनडाचे पीआर: आता बाळाचं काय?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना मी मध्येच भरकटलो होतो, ते जरा कापलंय. बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय आमच्या घरातूनच आलाय. माझी मावसबहीण, ताई, ब्रॅम्प्टनला असते. ती आणि जिजू दोघंही कॅनडाचे पीआर, पण पासपोर्ट दोघांचेही भारतीय. पहिलं बाळंतपण. आता पहिलं बाळंतपण म्हटल्यावर आपल्याकडे काय होतं, सांगायला नको. मावशीने बावधनच्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी करून ठेवली, डिंकाचे लाडू कोणाकडून आणायचे तेही ठरलं. ताईलाही यायचंच होतं, कारण तिकडे मदतीला कोणी नाही आणि जिजूंना मोठी रजा मिळणार नव्हती.

प्रश्न एकच होता. बाळ इथे झालं तर ते परत कसं जाणार?

आमच्या फॅमिली ग्रुपवर लगेच एका काकांचं उत्तर आलं. ‘काही लागत नाही, आई-वडिलांचं कार्ड दाखवलं की विमानतळावरच बाळाला आत घेतात.’ काका थापा मारत नव्हते. नियम खरा आहे, फक्त देश चुकलाय. हा नियम अमेरिकेचा आहे. ग्रीन कार्डवाली आई तात्पुरती बाहेर गेली असताना बाळ झालं, बाळ दोन वर्षांच्या आत आहे आणि पालक जन्मानंतर पहिल्यांदाच परत येत असताना सोबत आहे, तर त्या बाळाला व्हिसा लागत नाही. आपल्याकडे अमेरिकेत राहणाऱ्यांची संख्या मोठी, त्यामुळे ही गोष्ट घराघरांत माहीत असते आणि कॅनडाला तशीच चिकटवली जाते.

कॅनडात अशी सोय नाही. तुम्ही कोडिंग करत असाल तर एका वाक्यात सांगतो: पीआरला इनहेरिटन्स नाही. नागरिकत्वाला आहे. आई किंवा बाबा कॅनडात राहून तिथले नागरिक झाले असतील, तर नंतर भारतात जन्मलेलं त्यांचं बाळ जन्मतःच कॅनडाचं नागरिक असतं, फक्त तसा दाखला काढायचा. पण दोघंही नुसते पीआर असतील तर कॅनडाच्या नजरेत ते बाळ एक भारतीय नागरिक. आणि भारतीय नागरिकाला विमानात बसायला व्हिसा लागतो, मग तो तीस वर्षांचा असो की तीस दिवसांचा. विमान कंपनी इथल्या काउंटरवरच अडवते, टोरोंटोपर्यंत गोष्ट जातच नाही.

मग रस्ते कोणते? मुख्य रस्ता स्पॉन्सरशिपचा. पालक बाळाला ‘डिपेंडंट चाइल्ड’ म्हणून स्पॉन्सर करतात आणि बाळाला स्वतःचा पीआर मिळतो. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पीआर माणूस कॅनडात राहत असेल तरच स्पॉन्सर करू शकतो. भारतात बसून स्पॉन्सर करायची मुभा फक्त नागरिकांना, तीही परत जाऊन राहणार असतील तर. म्हणजे ‘बाळ वर्षाचं होईपर्यंत दोघंही पुण्यातच राहू, इथूनच अर्ज टाकू’ हा प्लॅन चालतच नाही. आमच्याकडे जिजू ब्रॅम्प्टनलाच थांबले आणि स्पॉन्सर तेच झाले. सगळ्यांना वाटलं, बाप बारशाला नाही म्हणजे काय! पण कागदाच्या दृष्टीने तेच बरोबर होतं. बारसं त्यांनी व्हिडिओ कॉलवर पाहिलं, त्यांच्याकडे पहाटेचे तीन वाजले होते.

पैशाची भीती असते लोकांना. बाळासाठी किमान उत्पन्नाची अट नाही. पीआरच्या हक्काची जी वेगळी फी मोठ्यांना पडते, ती मुलांना नाही. चौदा वर्षांखाली बोटांचे ठसे, फोटो, म्हणजे बायोमेट्रिक्स लागत नाहीत. मेडिकल मात्र बाळाचीही होते, आणि ती त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडेच. क्यूबेकमध्ये राहत असाल तर प्रांताची आणखी एक पायरी आहे.

दुसरा रस्ता व्हिजिटर व्हिसाचा. स्पॉन्सरशिप होईपर्यंत आई-बाळाने बावधनला आणि बापाने ब्रॅम्प्टनला राहायचं, हे बरेच जण टाळतात. बाळाचा व्हिजिटर व्हिसा काढतात, बाळाला घेऊन जातात आणि स्पॉन्सरशिपचा अर्ज तिथे असताना चालू ठेवतात. साधारण सहा महिने राहता येतं, संपायच्या आत मुदत वाढवून मागायची. अडचण अशी की व्हिजिटर व्हिसा देताना अधिकारी विचारतो, हा माणूस परत जाईल का? आता तीन महिन्यांचं बाळ आई-बाबांना सोडून कुठे परत जाणार? इथे काही एजंट सल्ला देतात की ‘फक्त फिरायला’ असं लिहा. अजिबात लिहू नका. खोटी माहिती सापडली तर पाच वर्षांची बंदी येऊ शकते. आणि खोटं लिहायची गरजच नाही, कारण त्यांच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 22(2) मध्ये स्पष्ट आहे की कायम राहायची इच्छा असली तरी तात्पुरता प्रवेश मिळू शकतो. याला ड्युअल इंटेंट म्हणतात. ताईने पत्रात सरळ लिहिलं: आम्ही दोघं पीआर आहोत, बाळाला स्पॉन्सर करतोय, तोवर त्याला आमच्याजवळ ठेवायचंय. व्हिसा आला. नाकारलेही जातात, तेव्हा परतीचं तिकीट आधी काढून बसू नका. आणि व्हिजिटर बाळाला प्रांताचा सरकारी आरोग्य विमा मिळेलच असं धरू नका, खासगी विमा काढूनच निघा.

या सगळ्याच्या आधी इथले कागद. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, तुम्ही राहता तिथे नाही. बावधन बुद्रुक 2021 मध्ये पुणे महापालिकेत गेलं, त्यामुळे इथल्या हॉस्पिटलमधला जन्म आता ग्रामपंचायतीत नाही, महापालिकेत. नोंदीची मुदत 21 दिवस. बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे आपली परंपरा मुदतीत बसते! पण हॉस्पिटल बारशाची वाट बघत नाही, ते बिननावाची नोंद पाठवून देतं आणि मग नाव घालायला पुन्हा खेटे. नाव आधीच ठरवा, आत्याला कानात नंतर कुर्रर्र करू दे. आईचं नावही बघा. ताईच्या आधारवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. हॉस्पिटलच्या फॉर्मवर पासपोर्टवरचंच नाव, त्याच स्पेलिंगने घातलं, म्हणून पुढे अडलं नाही.

मग पासपोर्ट. वडील परदेशात असतील तर त्यांची संमती भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून आधीच मागवून ठेवा. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात बाळालाही न्यावं लागतं, आणि बावधन ते मुंढवा म्हणजे अख्खं पुणे आडवं पार करणं. फीडिंगची वेळ बघून अपॉइंटमेंट घ्या, हा माझा एकमेव तांत्रिक सल्ला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ताईची केस सोपी होती, कारण ती आधीच पीआर झाली होती आणि बाळ नंतर झालं. माझ्या ऑफिसमधल्या एका मित्राचं तसं नव्हतं. पीआर मंजूर झाला होता, कागद हातात होता, पण अजून कॅनडात उतरून लँडिंग केलं नव्हतं आणि बायकोला आठवा महिना. त्याच्या एजंटने सांगितलं, ‘बाळाचं आत्ता कळवू नका, फाइल लांबेल. आधी लँड करा, बाळाला मागून बोलवा.’

हे ऐकून मी त्याला चहाच्या टपरीवरच थांबवलं. लँडिंगच्या आधी बाळ जन्मलं आणि तुम्ही ते कळवलं नाही, तर नियम 117(9)(d) लागू होतो. त्या बाळाची तपासणी तुमच्या अर्जात झाली नाही, म्हणून ते फॅमिली क्लासमधून बाद. नंतर स्पॉन्सर करायला गेलात तर हाच नियम आडवा येतो. डे गुझमन नावाच्या एका फिलिपिनो बाईंची केस प्रसिद्ध आहे. 1993 मध्ये कॅनडात उतरताना त्यांनी दोन मुलगे सांगितले नव्हते. पुढे त्यांना बोलवायचं ठरवलं तेव्हा अडलं, आणि 2005 मध्ये तिथल्या फेडरल अपील कोर्टाने नियमच उचलून धरला. 2019 पासून अशा काही लोकांना सूट देणारं एक धोरण आहे, पण ते तात्पुरतं. त्याच्या भरवशावर कोणी आपल्या मुलाची फाइल टाकू नये.

बाळ व्हायच्या आधी दोघांनी लँडिंग केलं असतं तर नंतरचं बाळ स्पॉन्सर करता आलं असतं. आठव्या महिन्यात तो प्रवास बायकोला नको होता. मग त्यांनी थांबायचं ठरवलं. बाळ झालं, त्याच आठवड्यात वेबफॉर्मवरून इमिग्रेशन खात्याला कळवलं, बाळाचं नाव त्याच अर्जात जोडलं, मेडिकल केली. काही महिने गेले, तिकडची नोकरीची ऑफर हातची गेली, त्याचं त्याला वाईटही वाटलं. पण तिघंही एकाच विमानाने, तिघंही पीआर म्हणून उतरले.

आणि ताईसारखे जे आधीच पीआर आहेत, त्यांनी इथे किती दिवस राहायचं तेही मोजा. पाच वर्षांत 730 दिवस कॅनडात असावे लागतात. बाळाच्या कागदांच्या नादात आईचाच पीआर धोक्यात आलेली घरं आहेत. पीआर कार्डाची तारीखही तिकीट काढायच्या आधी बघा.

फी आणि लागणारा वेळ बदलत राहतो, तो कॅनडा सरकारच्या साइटवर त्या दिवशीचाच बघा, माझ्या एपिसोडवरून नाही. तुमच्या केसमध्ये बाळ लँडिंगच्या आधीचं की नंतरचं, एवढं लिहून प्रश्न पाठवा. पुढच्या भागात आजी-आजोबांचा सुपर व्हिसा घेऊ, मावशी कधीची मागे लागलीये.