खाडीकांठचें रानमांजर

वाशीच्या पुलावरून खाडी ओलांडतांना दोन्ही अंगांस तिवरांची हिरवी किनार दृष्टीस पडते. १९७० सालीं सिडकोची स्थापना होऊन येथें नवें शहर वसूं लागलें. तत्पूर्वीं या कांठावर आगरी-कोळ्यांचीं गांवें, भातखाचरें आणि मिठागरें होतीं. पाणथळ, गवताळ आणि बांधबंदिस्तीचा असा मुलूख रानमांजरास फार मानवतो. यासच कोठें कोठें बाऊल म्हणतात.

नांवांत ‘रान’ असलें, तरी घनदाट अरण्य या प्राण्यास प्रिय नाहीं. लव्हाळीं, उंच गवत, उंसाचे फड हीं त्याचीं खरीं घरें. मिसर देशापासून आग्नेय आशियापर्यंत त्याची वस्ती आहे. कॉकेशस पर्वताच्या उत्तरेस तेरेक नदीच्या कांठीं गुल्डेनश्टेट या निसर्गशास्त्रज्ञास तें सांपडलें आणि १७७६ सालीं त्यानें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें.

घरच्या मांजराहून तें थोराड, पायांनीं उंच आणि शेपटीनें आंखूड असतें. अंगाचा रंग वाळलेल्या गवतासारखा; कानांच्या टोकांस काळ्या केसांचा लहानसा झुपका, शेपटीच्या शेवटीं काळीं वलयें. पाण्याचें त्यास भय नाहीं. तें चांगलें पोहतें. पक्षी, बेडूक, सरडे तें खातें. परंतु त्याचें मुख्य भक्ष्य उंदीर. राजस्थानांत सरिस्का येथें झालेल्या अभ्यासांत एक रानमांजर दिवसाकाठीं ३ ते ५ उंदीर खातें, असा अंदाज निघाला. एखाद्या कोंबडीसाठीं त्याच्यावर काठी उगारणाऱ्यानें हाही हिशेब मांडावा.

मादी सुमारें नऊ आठवड्यांनीं वीते. पिलें बहुधा दोन-तीन असतात. त्यांच्या अंगावर पट्टे व ठिपके असतात, ते वाढत्या वयाबरोबर पुसट होतात. परंतु याच पट्ट्यांमुळें त्यांचा घात होतो. ऊसतोडीच्या वेळीं तीं उघड्यावर आलीं, कीं ‘बिबट्याचीं पिलें’ अशी हांकाटी उठते, किंवा कोणी अनाथ समजून तीं घरीं नेतो. वस्तुतः आई बहुधा जवळच दडलेली असते. पिलांना हात न लावतां वनखात्यास कळवावें आणि सर्वांनीं दूर व्हावें. अंधार पडल्यावर ती येऊन एकेकास मानेशीं धरून नेते.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानें या प्राण्यास संरक्षण दिलें आहे. वाशी आणि ऐरोली येथील पुलांच्या दरम्यान, खाडीच्या पश्चिम अंगास, २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्यही जाहीर झालें. पांखरें भरावावरून उडून जातात. रानमांजरास मात्र गवतांतूनच वाट काढावी लागते. ती वाट तुटली, कीं कायदा कितीही कडक असो, तें निराश्रित होतें. नगराच्या नकाशांत पडीक म्हणून दाखविलेला कांठचा पट्टा भराव न घालतां राखला, तरच उंदरांचा बंदोबस्त करणारा हा मुका शेजारी तेथें टिकेल.