आवाज टिपणे आणि आवाज राखणे

चेन्नईच्या बंदराला लागून जॉर्ज टाउन नावाची जुनी वस्ती आहे. घाऊक व्यापाराच्या या पेठांत हमाल, हातगाड्या आणि मोटारी यांचा गलबला दिवसभर चालू असतो. अशा ठिकाणी एके काळी अत्यंत हळुवार अशा वीणावादनाचे पीठ नांदत होते, हे ऐकून श्रोत्यांना नवल वाटेल. वीणा धनम्माळ या थोर कलावतीचे (१८६७–१९३८) वास्तव्य येथेच होते. दर शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या घरी जाणकारांची बैठक जमे. नखी न लावता त्या बोटांनीच तारा छेडीत. तो नाद इतका नाजूक असे की, ऐकणाऱ्याने जरा हालचाल केली तरी त्याला तो मुकावा.

१९३० च्या दशकात त्यांच्या वादनाच्या काही तबकड्या निघाल्या. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटांचे वादन मावे आणि सुईची खरखर त्यावर पसरलेली असे. हलका नाद टिपणे ही ध्वनिमुद्रकाची खरी कसोटी होय. मोठा आवाज कसाही पकडता येतो. पण वीणेची विरत जाणारी मींड किंवा मिरजेच्या तंबोऱ्याच्या जवारीचा शेवटचा झंकार यंत्राच्या स्वतःच्या कुजबुजीत बुडून जातो. पुढे चुंबकीय फीत आली. तिने वेळेची अडचण दूर केली, पण तिच्याही पाठीशी बारीक 'हिस्स' असा आवाज होताच. शिवाय फितीवरून फीत उतरवावी तसा तो वाढत जाई.

१९८७ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या डिजिटल ध्वनिफितीने, म्हणजे 'डॅट'ने, हा दोष नाहीसा केला. आगपेटीहून थोडी मोठी अशी तिची कॅसेट असते. आतील फितीची रुंदी चार मिलिमीटरहूनही कमी. या फितीवर ध्वनीची लहर नव्हे, तर तिची मोजमापे लिहिली जातात. सेकंदाला ४८,००० वेळा ध्वनी मोजावयाचा आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवावयाचे, असा हा हिशेब आहे. एवढे आकडे हळू सरकणाऱ्या फितीवर मावावेत म्हणून मिनिटाला २,००० फेरे घेणाऱ्या ढोलावर हेड बसविलेली असतात आणि ती फितीवर तिरप्या, केसाहून बारीक रेघा ओढीत जातात. सर्वांत मंद आणि सर्वांत मोठा नाद यांत सुमारे ९६ डेसिबलचे अंतर या फितीवर राखता येते. शिवाय आकड्यांची नक्कल मुळाबरहुकूम उतरते. म्हणूनच जगभरच्या ध्वनिमुद्रणगृहांत गाण्याची अंतिम प्रत डॅटवर ठेवण्याची पद्धत पडली.

या यंत्राची शिस्त मात्र वेगळी. जुन्या फितीवर आवाज थोडा चढला तर तो किंचित जाडसर होई. कानाला ते खटकतही नसे. येथे मोजपट्टीवरील शून्याची खूण ओलांडली की, माप संपले! लहरीचा माथा कापला जातो आणि कर्कश तडतड ऐकू येते. म्हणून जाणता मुद्रक गवयाला आधी तारसप्तकात मोकळेपणाने गावयास सांगतो आणि काटा शून्याखाली बारा डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवतो. फितीचा आरंभीचा तुकडा तो कोरा सोडतो आणि मध्ये खंड पडू देत नाही. कारण खंड पडला की फितीवरील वेळेचा हिशेब तुटतो.

इतके सारे सांभाळून टिपलेला आवाज टिकेलच, असे मात्र नाही. त्या बारीक रेघा वाचण्यासाठी हेड नेमके त्यांच्यावरूनच जावे लागते. एका यंत्रावर लिहिलेले दुसऱ्यावर उमटेलच, याची हमी नसते. लहानसहान चुका यंत्र स्वतःच दुरुस्त करून घेते. त्यामुळे फीत झिजत चालली आहे, हे कानाला कळतच नाही. आणि चुका फार झाल्या की आवाज खरखरत नाही, एकदम बंद पडतो. जुनी तबकडी म्हातारीसारखी थरथरत का होईना, पण बोलते. ही फीत मात्र एके दिवशी मुकी होते. त्यात सोनी कंपनीने २००५ साली या यंत्रांचे उत्पादनही थांबविले.

आम्हा मराठी माणसांना या संकटाची ओळख नवी नसावी. तंजावरच्या सरस्वती महालात भोसले राजांच्या काळचे मोडी कागदपत्रांचे गठ्ठे आहेत. कागद आहे, शाई आहे, मजकूरही आहे. वाचणारा मात्र हुडकावा लागतो. दफ्तराशी रोजचा संबंध येणाऱ्या माझ्यासारख्या सरकारी नोकराला यातून एक गोष्ट पटते. लिहून ठेवणे हे अर्धेच काम होय. वाचता येईल असे ठेवणे, हे उरलेले अर्धे. मोडी निदान नव्याने शिकता तरी येते. यंत्राचा झिजलेला ढोल कोणी घरी बसून घडवू शकत नाही.

म्हणून ज्या संगीतसंस्थांच्या, गायकांच्या वा रसिकांच्या कपाटात अशा कॅसेटी पडून असतील, त्यांनी चालू स्थितीतील यंत्र मिळते आहे तोवरच त्या संगणकावर उतरवून घ्याव्यात. दोन तासांच्या फितीला साधारणपणे दोन तासच लागतात. घाई करून भागत नाही. उतरवलेल्या प्रती निदान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि राग, कलावंत, साथीदार, स्थळ व तारीख यांची टिपणेही सोबत असावीत. दर काही वर्षांनी त्या प्रती नव्या साधनावर हलवाव्या लागतील, हेही गृहीत धरावे.

धनम्माळांची वीणा आज आपल्याला ऐकू येते, ती त्या काळचे यंत्र निर्दोष होते म्हणून नव्हे. कोणी तरी त्या तबकड्या जपल्या आणि वेळेवर दुसरीकडे उतरवून ठेवल्या, म्हणून. त्यांच्याहून कितीतरी स्वच्छ असे आवाज आज आपल्या कपाटांत आहेत. त्यांनाही असा कोणी तरी लाभला पाहिजे.